पाटीवर ‘बिस्कुट’, आत टोस्ट: गुरुवार पेठेतली एक बेकरी

बेकरीचं नाव लिहीत नाही. मालकांनाच विचारलं, “लिहू का?” तर म्हणाले, “नको ताई. दिवाळीत रांग आधीच रस्त्यावर येते, मग समोरचे दुकानदार भांडतात.” त्यामुळे खूण सांगते. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या चर्चचा मनोरा दिसला की तिथून पाच मिनिटं चालायचं. भाजलेल्या मैद्याचा आणि वेलदोड्याचा वास आला की नाक नेईल तिकडे वळायचं. पाटीवर ‘बिस्कुट, टोस्ट, खरी’ असं लिहिलंय. खारीचा काना बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पावसात गेला. तो परत लावायचं कोणाच्या मनात नाही आणि मलाही ते तसंच आवडतं.

मी गेली बावीस वर्षं इथं जाते. घर शनिवार पेठेत, म्हणजे वाटेत पाच-सहा बेकऱ्या सोडून मी इथं येते. खारीसाठी नाही. खारी इथली बरी आहे, पण पापुद्रे तळाशी चिकटलेले असतात आणि वनस्पती तुपाचा थर टाळूला राहतो. क्रीमरोलकडे बघूसुद्धा नका, आतलं क्रीम म्हणजे साखरेचा फेस. पॅटिस दुपारी तीनच्या आत घेतलं तर खाण्यासारखं. मी जाते ती टोस्टसाठी.

टोस्ट बोटभर जाडीचा, कडा खैरी, मधला भाग गव्हाळ. मोडला की एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो, चुरा होत नाही. गोडी बेताची, वेलदोडा मागाहून कळतो. घरी आमची एक परीक्षा आहे: टोस्ट गरम चहात धरायचा आणि मोजायचं. पाकीटबंद टोस्ट तीन म्हणायच्या आत राम म्हणतो. हा सातपर्यंत उभा राहतो आणि आठव्याला तोंडात विरतो. पाव किलोला साठ रुपये. मागच्या वर्षी पन्नास होते.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय हा टोस्ट मला एवढा का आवडतो ते सांगता येणार नाही.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले आणि एकतीस वर्षं यंत्रांची माहितीपुस्तकं जर्मनमधून उतरवून पोट भरलं. १९९४ साली एका बेकरी कारखान्यानं जर्मनीहून विजेची मोठी भट्टी मागवली. तिचं पुस्तक माझ्याकडे आलं. त्यात तयार प्रोग्रामांची यादी होती: पाव, पेस्ट्री आणि सातव्या क्रमांकाला ‘बिस्क्वीट’. मी क्षणभरही न थांबता ‘बिस्किट’ लिहून पुढच्या पानावर गेले. वेळेचं बिल लावायचं होतं.

चाचणीच्या दिवशी भोसरीच्या त्या शेडमध्ये मी दुभाषी म्हणून हजर होते. कारखान्याच्या लोकांनी बिस्किटांचे दहा पत्रे आत सारले आणि सातवं बटण दाबलं. बाहेर आली ती मलूल, फिकट, बोटानं दाबली तर खळगा पडेल अशी. जोडणीसाठी आलेला जर्मन माणूस धावत आला, पत्र्याकडे बघून ओरडला, “पण ही तर केक्स आहेत!” आमचे सुपरवायझर म्हणाले, “नो नो, नॉट केक्स. बिस्किट्स!” तो म्हणाला, “बिस्क्वीट नाही! केक्स!” आमचे म्हणाले, “केक्स नाही! बिस्किट!” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चुकले होते ती मी, आणि ते कळायला मला पाच मिनिटं लागली.

कारण जर्मनमध्ये ‘बिस्क्वीट’ म्हणजे आपण ज्याला स्पंज केक म्हणतो ते: अंडी-साखर फेटून केलेलं मऊ, फुगीर काहीतरी. सातवा प्रोग्राम वाफ आत कोंडून ठेवत होता, कारण स्पंजला ती हवी असते. आणि कुरकुरीत बिस्किटाला जर्मन लोक म्हणतात ‘केक्स’. हा शब्द त्यांनी इंग्रजी ‘केक’च्या अनेकवचनावरून उचलला. हॅनोव्हरच्या बाल्सेन कंपनीनं १८९१ मध्ये ‘लायब्नित्स केक्स’ नावानं लोणी घातलेली बिस्किटं काढली. लायब्नित्स म्हणजे तो तत्त्वज्ञ-गणिती, तो हॅनोव्हरलाच राहिला होता. लोक डब्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून ‘काकेस’ म्हणायला लागले. कंपनीनं वैतागून १९११ मध्ये जर्मन स्पेलिंगच बदललं आणि १९१५ मध्ये शब्दकोशानंही ते मान्य केलं. गंमत म्हणजे ‘केक्स’ तिथं एकवचन आहे, त्याचं आणखी अनेकवचन होतं. आपण नाही का म्हणत, “एक लेडीज आली होती”? तसंच.

म्हणजे इंग्रजांचा केक जर्मनीत जाऊन बिस्किट झाला आणि फ्रेंचांचं बिस्किट जर्मनीत जाऊन केक झालं. त्या कारखान्याचे दहा पत्रे वाया गेले आणि माझं बिल दोन महिने अडलं. ‘केक्सवर जाणं’ असा एक वाक्प्रचार जर्मनमध्ये आहे, आपण ‘डोक्यात जाणं’ म्हणतो त्या अर्थाचा. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कोणाबद्दल होता ते लिहायला नको.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसलाय. ज्या भाषेचा कोश हाताला लागेल त्यात आधी बिस्किट शोधायचं, ही खोडच लागली.

मूळ लॅटिन: ‘बिस कोक्तुस’, दोनदा भाजलेलं. पाव भाजायचा, काप करायचे, पुन्हा भट्टीत घालून त्यातला ओलावा घालवायचा. मग तो महिनोन् महिने टिकतो. जहाजांना आणि फौजांना हेच लागायचं. सतराव्या शतकात इंग्रज आरमारात खलाशामागे रोजचं एक पौंड बिस्किट ठरलेलं होतं आणि ते इतकं टणक असे की भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नसे.

संस्कृत ज्यांनी शाळेत घेतलंय त्यांनी इथं थांबावं. लॅटिन ‘बिस’ आधी ‘द्विस’ होतं, म्हणजे आपलं ‘द्विः’. आणि ‘कोक्तुस’ ज्या धातूतून आला तोच आपला ‘पच्’. पक्व, पाक, स्वयंपाक, पक्का, पिकलेला आंबा ही सगळी त्याच घरची भावंडं. बिस्किट म्हणजे अक्षरशः ‘द्विपक्व’. माझ्या आजेसासूबाई साहेबाचा पदार्थ म्हणून बिस्किटाला हात लावत नसत. त्यांना हे सांगायला मी चाळीस वर्षं उशिरा शिकले.

आता हा शब्द युरोपभर फिरला आणि जिथं गेला तिथं वेगळंच काही होऊन बसला. स्पॅनिशमध्ये ‘बिथकोचो’ म्हणजे मऊ केक, कुरकुरीत बिस्किटाला ‘गायेता’. पोलिश ‘बिशकॉप्ट’, हंगेरियन ‘पिश्कोता’, रशियन ‘बिस्क्वीत’: सगळीकडे तोच स्पंज. असं का झालं, तर अंडी-साखर फेटून भाजलेल्या पिठाचेही पूर्वी काप करून पुन्हा वाळवत. पुढे लोकांना ते मऊच आवडायला लागलं, दुसरी भाजणी सुटली, नाव मात्र मागे राहिलं. माहेरचं आडनाव लावणाऱ्या बायकांसारखं. मीही त्यातलीच, म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे.

फ्रेंच ‘बिस्क्वी’ दोन्ही घरी जेवतं. पुड्यातलं कुरकुरीत तेही आणि केकच्या तळाशी असतो तो मऊ थर तोही. शिवाय चकाकी न चढवलेल्या, पांढऱ्या, मॅट चिनीमातीलाही फ्रेंच लोक बिस्क्वी म्हणतात. अठराव्या शतकात सेव्ह्रच्या कारखान्यात तसे पुतळे व्हायचे. आणि दोनदा भाजलेल्या पावाला, म्हणजे खऱ्या बिस्किटाला, फ्रेंचमध्ये वेगळं नाव आहे: ‘बिस्कॉत’. इटालियन ‘बिस्कोत्तो’ कोणत्याही बिस्किटाला चालतं. बदाम घालून दोनदा भाजलेलं ते तिरकं लांबट बिस्किट म्हणजे प्रातो गावचं ‘कांतुच्ची’. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत ते काचेच्या बरणीत ठेवून ‘एक बिस्कॉटी’ एकशे ऐंशी रुपयांना देतात. बिस्कॉटी हे अनेकवचन आहे हे मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “मॅम, दोन घेतले तरी सेम रेट.”

पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, त्यांच्याकडे ‘बिस्कोइतो’ही आहे आणि ‘बोलाशा’ही. ब्राझीलमध्ये पुड्यातल्या बिस्किटाला नेमकं काय म्हणायचं यावरून रिओ आणि साओ पाउलोचे लोक एकमेकांची मापं काढतात. आपल्याकडे पुणे-मुंबई आहेच. अमेरिकेत तर बिस्किट म्हणजे मीठ-लोण्याचा मऊ, फुगलेला गोळा, रश्श्यात बुडवून खायचा.

मला मनापासून आवडतो तो डच शब्द. ‘बेस्खॉइट’ म्हणजे गोल, हलका, दोनदा भाजलेला टोस्ट. मूळ अर्थ शाबूत ठेवलेला. जर्मन ‘त्स्वीबाक’ही तसाच, ‘दोनदा-भाज’. लॅटिनचा सरळ तर्जुमा. पण डच लोकांकडे बाळ जन्मलं की भेटायला येणाऱ्याला हा टोस्ट लोणी लावून देतात आणि त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी पेरतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. बीच्या शेपटीमुळे तिला ‘छोटे उंदीर’ म्हणतात. ती बाळंतिणीला दूध यायला चांगली, असा समज. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची बाळंतशेपेची बरणी आणि बारशाच्या घुगऱ्या एकदम आठवल्या.

आणि रशियन. तिथं ‘बिस्क्वीत’ स्पंजला देऊन टाकल्यावर कुरकुरीत बिस्किटाला त्यांनी घरचाच शब्द ठेवला: ‘पेचेन्ये’, भाजलेलं. हाही ‘पच्’चाच नातलग. म्हणजे लॅटिन पाहुण्याला एका दारानं मऊ करून पाठवला आणि दुसऱ्या दारानं त्याच्याच चुलत भावाला आत घेतलं.

परत बेकरीकडे येते.

तीन वर्षांपूर्वी मागच्या दारानं भट्टी बघायला मिळाली. चाचांनी, म्हणजे भट्टीवरच्या सगळ्यात जुन्या माणसानं, बोलावलं. विटांची, लाकडावर चालणारी, आत माणूस आडवा मावेल अशी. टोस्टचे लांब पाव संध्याकाळी भाजतात. रात्रभर फळ्यांवर तसेच ठेवतात, कारण ताजा पाव कापला तर फाटतो. सकाळी काप करून पत्र्यांवर उभे-आडवे मांडतात आणि पहाटेचे पाव काढून झाल्यावर भट्टी निवायला लागते, तेव्हा आत सारून दार लावतात. नव्यानं जाळ करत नाहीत. उरलेल्या उबेवर तीन-चार तास टोस्ट वाळत पडतात. म्हणून तो कडेला करपत नाही आणि मध्ये दमट राहत नाही. विजेच्या भट्टीत हे अर्ध्या तासात उरकतात. चहात तीन म्हणायच्या आत जीव सोडतो तो त्यातला.

मी त्या दारात उभी राहून मनाशी म्हटलं: हेच की ते. पाटीवर ‘बिस्कुट’ वेगळं आणि ‘टोस्ट’ वेगळा लिहिलाय, पण या दुकानात लॅटिन अर्थानं बिस्किट एकच आहे आणि त्यालाच आपण बिस्किट म्हणत नाही. टोस्ट हा शब्दही लॅटिनच, वाळवलेलं, भाजलेलं अशा अर्थाचा, आणि त्याचा धातू आपल्या ‘तृषा’चा सख्खा. चहा दिसला की टोस्ट असा का वागतो याचं उत्तर मिळालं. हिंदी पाकिटांवर ‘रस्क’ असतं, ते स्पॅनिश-पोर्तुगीज ‘रोस्का’वरून, म्हणजे पीळ. स्पॅनिश पुस्तकांत हाच शब्द मला स्क्रूच्या आट्यांसाठी भेटला होता. आणि आपण ज्याला ‘बटर’ म्हणतो त्या टणक गोल प्रकाराला लोण्यानं दुरूनही स्पर्श केलेला नसतो, तेव्हा जर्मनांना हसायचं कारण नाही.

इथली दुसरी चीज म्हणजे नानकटाई भाजून देण्याची सोय. पुण्यात हे अजून फार थोड्या ठिकाणी उरलंय. घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि आपलं तूप डब्यातून न्यायचं. ते समोर वजन करतात, मळून देतात, पत्र्यावर घालून भाजतात, किलोमागे मजुरी घेतात. यंदा नव्वद रुपये. तूप घरचं असल्यानं सोवळ्यातल्या बायकांनाही ती चालायची. आजेसासूबाई बिस्किटाला शिवत नसत, पण याच गल्लीतून आणलेली नानकटाई डब्यात हात घालून खात. नानकटाई सुरतेच्या डच वखारीतल्या भटारखान्यात जन्मली असं सांगतात. ते त्यांना कोणी सांगितलं नाही हे बरंच झालं.

ही धास्ती उगीच नव्हती. हाकेच्या अंतरावर, याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली रानडे, टिळक वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद उठला, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. न्यायमूर्तींना घ्यावं लागलं तिथं माझ्या आजेसासूबाईंचं काय.

तक्रारीही सांगते, नाहीतर हे परीक्षण वाटणार नाही. मागच्या दिवाळीत माझा डबा बदलला. चार किलोंचा, झाकणावर खडूनं नाव लिहिलेला. खडू पुसला गेला आणि माझ्या साजूक तुपाच्या नानकटाया कोणा दुसऱ्यांच्या घरी गेल्या. मला आल्या त्या वनस्पती तुपाच्या, वर जायफळाचा मारा केलेल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, दिसायला सेमच आहेत ना?” मालकांनी मजुरी परत केली, पण तूप कोण परत करणार? तेव्हापासून मी डब्याला लाल दोरा बांधते. तुम्हीही बांधा.

दुसरी तक्रार नवी आहे. मालकांच्या मुलानं पुढच्या कपाटात पारदर्शक खोकी मांडलीत, वर ‘कुकीज’ असं लेबल. दोनशे ग्रॅमला एकशे साठ रुपये. मी एक घेऊन खाल्ली. तीच नानकटाई, वर चॉकलेटचे चार दाणे. आत बरणीत हीच साडेतीनशे रुपये किलोनं आहे. ‘कुकी’ म्हणजे डच भाषेत ‘छोटा केक’ हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “मग केकच्या मानानं स्वस्तच आहे की.” पोरगा धंदा वाढवणार.

टोस्ट पातळ पिशवीत देतात, तो घरी येईपर्यंत कोपरे मोडतो. स्वतःचा डबा न्या. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, आधीचा असतो तो कालचा. सोमवारी बंद. गाडी लावायला जागा नाही, चालत जा. उंच पायरी आहे, वयस्कर माणसांनी कठड्याला धरावं.

परवा जोरदार पाऊस होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी चाचांना हे सगळं सांगितलं: रोमन लोक, जहाजं, दोनदा भाजणं, आणि अख्ख्या युरोपात बिस्किटाचा खरा अर्थ सांभाळणारे किती कमी उरलेत ते. ते पत्रे लावता लावता ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, “दोनदा कुठं ताई? पावसाळ्यात हवा लागते त्याला. आम्ही तीनदा घालतो.”

मी पाव किलो मागितला होता, तो अर्धा केला.